म्युनिकला अकरा वाजेपर्यंत

बाबा, तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि तिचं उत्तर तुमच्याशिवाय कोणाकडे नाही, म्हणून लिहायला बसले. नाहीतर तुमच्या शेवटच्या वर्षांत आपल्यात पत्र लिहिण्याइतकं सख्य उरलं नव्हतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात इथे अबू धाबीलगतच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका ओळखीच्यांकडे गणपतीला गेलो होतो. तिथे अबू धाबीच्या त्या काकू भेटल्या, तुमच्या जर्मनीच्या टूरवर नवऱ्यासोबत दोनदा आलेल्या. केस पांढरे झालेत, जीभ तश्शीच. माझ्या लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, "तुझी आई लहानपणी फोनवर घड्याळाशी गप्पा मारायची, माहितेय का तुला?" आणि अख्खी गोष्ट सांगितली, तुम्ही जिथे जिथे थांबायचात तिथे तिथे थांबून. परतताना गाडीत लेक मला विचारते, "इज इट ट्रू, मम्मा? डिड यू रिअली टेल द क्लॉक की आमटी वॉज सॉल्टी?" हो म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. ती खारट आमटी मला आठवते ती तुमच्या आवाजात. मी स्वतः काय बोलले होते ते मला आठवतच नाही.

तर विचारायचं आहे ते एवढंच, की ते वाक्य माझं होतं की तुम्ही पदरचं घातलेलं? पण सुरुवातीपासून सांगते. गोष्ट मधूनच सुरू केली की माणसं हरवतात, असं तुम्हीच म्हणायचात.

शारजात रोला भागात राहत होतो तेव्हाचं आपलं स्वयंपाकघर आठवतं? दोन माणसं अंगाला अंग लागल्याशिवाय वळू शकत नव्हती, आणि त्यात तुम्ही अख्खी जर्मनी बसवली होतीत. उन्हाळाभर इथल्या भारतीय कुटुंबांचे ग्रुप घेऊन तुम्ही तिकडे फिरायचात, हिवाळ्यात दुबईत देऱ्याच्या ऑफिसात बसून पुढच्या सीझनची बुकिंग घ्यायचात, आणि शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, हातात पळीचा माइक धरून आम्हाला टूर घडवायचात. फ्रीज म्हणजे कलोनचं कॅथीड्रल. "मान वर करा, अजून वर, टोपी पडली पाहिजे!" सिंक म्हणजे ऱ्हाइन नदी, आणि नळ गळायचा म्हणून, "पाऊस आहे मंडळी, छत्र्या काढा." कोपऱ्यातला गॅस सिलिंडर म्हणजे हायडेलबर्गच्या किल्ल्यातलं दारूचं पिंप, ज्याच्यावर चढून माणसं नाचू शकतील एवढं मोठं. माळ्यावरच्या सुटकेसा म्हणजे डोंगरातला नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, आणि तो बांधणाऱ्या राजाला मनासारखं राहायलाच मिळालं नाही हे सांगताना तुम्ही आवाज असा उतरवायचात की मला दरवेळी रडू यायचं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते आहे, "तुमचा कोच जरा बाजूला घ्या, मला तवा ठेवायचाय." तुम्ही म्हणता आहात, "यल्ला यल्ला, मॅडमना पुढे जाऊ द्या!" त्या कोचमधली एकुलती एक प्रवासी मी. ही टूर फक्त माझ्यासाठी आहे असं मला वाटायचं. ती तालीम होती, हे फार नंतर कळलं. आम्ही कुठे हसतो, आईचं लाटणं कुठे थांबतं, हे सगळं तुम्ही डोक्यात टिपून घेत होतात.

मी पाचवीत असताना फेब्रुवारीत सांगलीहून, आईच्या माहेरून, फोन आला की आजीला अर्धांगाचा झटका आला. आई मिळेल त्या विमानाने गेली. माझी शाळा होती, मी तुमच्याजवळ राहिले. मेमध्ये तुमचा सीझन सुरू झाला तशी समोरच्या गोव्याच्या आंटींकडे झोपायला जाऊ लागले, आणि सुट्टी लागल्यावर मलाही सांगलीला पाठवलंत. तिथे आई काय करत होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आजीची कूस बदलायची, तिला भरवायचं, तिचं अंग पुसायचं, पुन्हा कूस बदलायची. तुम्ही जर्मनीतून फोन करून तिला म्हणालात, "घाई करू नकोस. शाळा उघडायच्या आधी दोघी एकदमच या." ती तुमच्या शब्दावर राहिली. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की इथला व्हिसा खलास होतो, हे गल्फमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्हाला तर ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची तारीख पाठ असायची. घरातली तेवढी विसरलात.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरचा माणूस आईला सांगतो आहे, "मॅडम, आपका तो छह महीने से ऊपर हो गया. बच्ची जा सकती है, आप नहीं." आईने एकदाच विचारलं, "पक्का?" मग माझा पासपोर्ट एका पिशवीत घालून ती माझ्या गळ्यात अडकवली, हातात डबा दिला आणि म्हणाली, "बाबांना म्हणावं, काळजी करू नका." एअरलाइनची एक बाई मला हाताला धरून आत घेऊन गेली. काचेपलीकडे आई दिसेनाशी होईपर्यंत मी उलटी चालत होते. डबा मी विमानात उघडला नाही.

मग कधी तुमच्या कंपनीची सही अडली, कधी आजीचं पुन्हा बिघडलं, आणि आई यायला पुढचा उन्हाळा तोंडावर आला. त्या हिवाळ्यात शाळेतून आले की कुलूप उघडून मी एकटी आत येई. इंडियाचा कॉल महाग, म्हणून फक्त शुक्रवारी. पण इथल्या इथे फोन फुकट होता, आणि एक नंबर फिरवला की एक बाई वेळ सांगायची. आधी अरबीत, मग इंग्रजीत, मग टुक करून ठोका. तिचा आवाज आईसारखा अजिबात नव्हता. फक्त ती कधी फोन ठेवत नसे. मी तिला दिवसभराचं सांगायचे. तुम्हाला ऑफिसातून फोन सतत एंगेज लागायला लागला तेव्हा एका संध्याकाळी मला समोर बसवून विचारलंत, "कोणाशी बोलतेस?" मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. मग सांगितलं. तुमचे डोळे भरले होते, बाबा. ते मी पाहिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "हे आपल्या दोघांत राहील." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ऑफिसातून दुपारी मला फोन करू लागलात, रोज. तुमच्याइतका चांगला बाप शारजात नाही, असं मी त्या वेळी छातीठोक सांगितलं असतं.

दहावीची परीक्षा झाली की तुला खरी जर्मनी दाखवीन, हा शब्द मात्र तुम्ही पाळलात. आई म्हणाली, "मला नको बाई ते बसमध्ये बसणं, तूच जा." फ्रँकफर्टच्या विमानतळावर बॅगांची वाट बघताना याच काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अय्या, तूच का ती घड्याळवाली?" मला अर्थ लागला नाही. कोणाशी तरी गफलत होतेय असं वाटलं. मग टूर सुरू झाली. कलोनचं कॅथीड्रल आपल्या फ्रीजपेक्षा खरंच मोठं निघालं आणि टोपी खरंच पडली. ऱ्हाइनच्या बोटीवर पाऊस आला, तुम्ही गळक्या नळाची गोष्ट सांगितलीत, सगळे हसले, आणि त्यांच्यात मीही होते. हायडेलबर्गला पिंपासमोर आपला सिलिंडर आला. ब्लॅक फॉरेस्टला आई लिफ्टमध्ये अडकल्यावर आतून रामरक्षा कशी म्हणत होती ते आलं. दर गावाला एक गोष्ट बांधलेली होती, आणि प्रत्येक गोष्टीत आम्ही होतो. तोवर मला त्याचा अभिमानच वाटत होता.

म्युनिकच्या मारिएनप्लाट्झ चौकात टाऊन हॉलच्या बुरुजावर ते प्रसिद्ध घड्याळ आहे. अकराला घंटा वाजतात आणि बाहुल्या फिरतात, त्यातले सरदार घोड्यांवरून झुंजतात, पिंपं करणारे कारागीर नाचतात. जगभरचे लोक माना वर करून उभे असतात, आणि झाल्यावर निम्म्या लोकांच्या तोंडावर असतं, एवढंच? तुम्हाला हे ठाऊक होतं. शिवाय जागा मिळावी म्हणून बरंच आधी जाऊन उभं राहावं लागतं, माणसं कंटाळतात, कोणाला बाथरूम आठवतं, कोणाला शॉपिंग. म्हणून तिथे तुम्ही तुमची सगळ्यात चांगली गोष्ट ठेवली होती. "आमच्या घरी एक मॅडम आहेत," तुम्ही सुरू केलंत, "गेल्या माहेरी. आंब्याचे दिवस. आज हापूस, उद्या पायरी, मग फणस आला, मग म्हणे जांभळं संपू देत. इकडे व्हिसा खलास!" ग्रुप हसला. "आणि इकडे माझी लेक. दुपारी ऑफिसातून फोन करावा तर एंगेज. हबीबी, दहा वर्षांच्या पोरीला एवढे कोण मित्र?" मग तुम्ही बाईचा आवाज काढलात आणि माझा आवाज काढलात. "आई, मी जेवले. आमटी खारट झाली होती." बाई म्हणते, ठोक्याला दोन वाजून दहा मिनिटं. "हो गं, पण तू कधी येणार?" इथे तुम्ही थांबलात. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलंत, एक बोट वर केलंत आणि त्या बाईच्या आवाजात म्हणालात, "ठोक्याला, बरोब्बर अकरा." आणि बुरुजावरची घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी डोळे पुसत मला मिठी मारली.

संध्याकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर मी तुम्हाला गाठलं. "बाबा, ते आपल्या दोघांत राहणार होतं ना?" तुम्ही खरंच चकित झालात. "अगं, नाव कुठे घेतो मी? आणि किती प्रेमाने सांगतो! बायका रडतात." किती वर्षं सांगताय, असं विचारलं तर म्हणालात, "तू सांगितलंस त्याच्या पुढच्याच सीझनपासून." म्हणजे मी तुम्हाला सांगितलं त्याच वर्षी, आई परत यायच्या सुमारालाच. मग मी आंब्याचं विचारलं. आईने तिकडे आंबा तोंडात तरी घातला होता का, असं विचारलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "विसराळू बायको लोकांना आवडते गं. विसराळू टूर लीडर कोणाला चालेल?" मी या वाक्यावर पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिले. आपली चूक तुम्ही तिच्या माथी मारलीत ती मारलीत, वर ती चौकात उभं राहून विकलीत.

त्यानंतर मी तुम्हाला काही सांगितलं नाही. भांडले नाही, रुसले नाही, सांगणं तेवढं बंद केलं. कॉलेजसाठी पुण्याला गेले, तिथून तुम्ही विचारायचात, "काय विशेष?" मी म्हणायचे, "काही नाही." लग्न ठरवलं तेही तुम्हाला आईकडून कळलं. नवऱ्याला तुमच्यासमोर बोलताना मी टेबलाखालून पायाने ढोसायचे. उद्या हा कोणत्या गावाच्या गोष्टीत जाऊन बसेल, कोणास ठाऊक! तुम्हाला कळत होतं, कारण तुम्ही हळूहळू विचारायचे थांबलात. आणि मग सीझन सुरू व्हायच्या आधीच, एका सकाळी चहा घेता घेता गेलात.

तुम्ही गेल्यावर घर माणसांनी भरलं. दुबईहून, अबू धाबीहून, कुठून कुठून तुमचे प्रवासी आले, आणि प्रत्येक जण तुमचीच एक गोष्ट सांगत होता. एक गृहस्थ आईला म्हणाले, "वहिनी, तुमचा तो आंब्यापायी गेलेला व्हिसा! काय हसवायचे साहेब." मी उठलेच होते, त्यांना खरं काय ते सांगणार होते. आईने माझा हात दाबला आणि त्यांना म्हणाली, "हो ना. हापूस सोडवेना मला." माणसं गेल्यावर मी तिच्यावर भडकले. ती कप विसळत म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. पहिल्यांदा सांगण्याआधी त्यांनी मला फोनवर विचारलं होतं. म्हणाले, माझी चूक झालीये, पण ती मला माइकवर सांगता येणार नाही, तुझ्यावर घालू का? मी म्हटलं, घाला." मग तिने कप पालथा घातला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "तुला नाही विचारलं?"

नाही विचारलंत, बाबा. तिला विचारलंत आणि मला नाही. दहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, असं वाटलं असेल. विचारलं असतंत तर मी बहुतेक हो म्हटलं असतं. तुम्ही म्हणाल त्याला मी तेव्हा हो म्हणायचे. पण मग ती गोष्ट मी तुम्हाला दिलेली असती. आता माझ्याकडे त्या हिवाळ्यातलं काही नाही. रिकामी खोली आठवते, काळा फोन आठवतो, आणि पुढे तुमचा आवाज सुरू होतो.

परवा लेकीला मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी खरी. आंबे काढून टाकले, सांगलीची आजी घातली, कोण विसरलं तेही सांगितलं. ती एकदाही हसली नाही. फोनचा भाग आला तसं मला दुसरं काही सुचेना, मग खारट आमटीच आली, तुमच्याच जागी थांबले, आणि लेक खदाखदा हसली. "अगेन, मम्मा!" म्हणाली.

हे पत्र कुठे टाकणार, स्वयंपाकघरातल्या खणात राहील. तुम्हाला इतकं बोलले, पण एक गोष्ट वर लिहायची टाळली. मारिएनप्लाट्झमध्ये तुम्ही बोट वर केलंत आणि घंटा वाजली, तेव्हा टाळ्यांच्याही आधी कोणीतरी मोठ्याने हसलं होतं. तुम्ही चमकून त्या दिशेला पाहिलंत, आणि तुमचा चेहरा उजळला. ती मी होते, बाबा.