सर्व्हरची खंडेनवमी

कुरुळी, दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय ताजुन्निसा,

सलाम, आणि एक घट्ट मिठी. मधल्या सुट्टीत शाळेच्या नळावर आपण डबे विसळायचो, आठवतं? सिस्टरांची घंटा झाली की घाईत झाकणं बदलायची. तुझं नाव कोरलेलं एक झाकण अजून माझ्या डब्यावर बसतं (जरा घट्ट, पण आपण तरी कुठे पूर्वीच्या मापाच्या राहिलो?). गुडघे कसे आहेत? भाईसाहेब गेल्यापासून वेळेवर जेवतेस ना? दापोडीला पाठवलेलं ईदचं पत्र परत आलं, फोन म्हणतो हा नंबर अस्तित्वात नाही. तेव्हापासून जीव टांगणीला आहे.

इथे मी एक पराक्रम केला. खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशीन पुसून, हळदकुंकू वाहून बंद ठेवतात. लेथला झेंडू, फोर्कलिफ्टला झेंडू, आणि कोपऱ्यात वर्षभर घुरघुरणाऱ्या सर्व्हरला काहीच नाही? मी त्याला हार घातला (हवेची जाळी सोडून, एवढं कळतं मला) आणि बटण दाबून झोपवलं. दसरा झाल्यावर मीच उठवलं. पण गेटवरचा कॉम्प्युटर गेटपास काढीना. म्हणे, मागितलेलं ऑब्जेक्ट अस्तित्वात नाही. भरलेला ट्रक दारात, आणि गेटवरचा गणराज ओरडतोय, "म्याडम, गाडी हाय, माल हाय, डायवर हाय, मी हाय. मंग न्हाई काय?"

मी सर्व्हर आणखी दोनदा बंद-चालू केला. गणराजने लिंबू-मिरची बांधली. गेटच्या कॉम्प्युटरला मात्र हात लावू देईना, तो चालूच आहे म्हणून. शेवटी हा प्रोग्राम लिहिणारी निशिगंधा वाकडहून आली.

"मावशी, सर्व्हर कुणी बंद केला?"

"अगं, यंत्रांना एक दिवस विश्रांती देतात."

"ह्याला नाही देत हो!"

मग तिने समजावलं. पास काढणारं ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा तेवढं एकच काम करणारा तुकडा, राहतं सर्व्हरमध्ये. गेटकडे असतो फक्त त्याचा पत्ता. सर्व्हर झोपून उठला की ते नव्याने जन्मतं, नव्या पत्त्यावर. गेटवालं बिचारं जुन्याच दारात हाका मारत बसलं होतं. निशिगंधाने त्याला शिकवलं की उत्तर आलं नाही तर सर्व्हरच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन त्याच नावाने नवा पत्ता विचारावा. पास निघाला, ट्रक गेला, आणि मी पदराने डोळे पुसत उभी. पोरीला वाटलं, तिचं बोलणं मला लागलं. मला दापोडीचं तुझं बंद दार दिसत होतं, गं.

आज सकाळी मीही खिडकी गाठली, म्हणजे चाकणचं तुझ्या भाच्याचं गॅरेज. सरफराज म्हणाला, "खाला तर वाकडला लेकीकडं, आरफाकडं असती." एवढंच ऐकायला मी इतके महिने लावले! हे पत्र त्याच्याच हाती देतेय.

तुझीच,
स्वरूपा

ता. क. बाकी विशेष काही नाही. महिनाअखेरीस मी निवृत्त होतेय. निरोपाला घरचं कोण येणार, असं ऑफिसात विचारत होते. मी तुझं नाव सांगून बसलेय.

ता. क. पुन्हा. सोबतच्या डब्यातले चिरोटे तुला, शंकरपाळ्या आरफाच्या मुलांना. वरची चकल्यांची पुडी सरफराजची (नाहीतर वाटेत डबा उघडेल). झाकण तुझं आहे, ठेवून घे. डबा माझा, तो कुणाच्या हाती पाठवू नकोस, निरोपाच्या दिवशी स्वतः घेऊन ये. रिकामा आणलास तरी चालेल.