आठवड्यातून दोनदा रुसणारी गाडी

दि. ६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची मोटारसायकल अगदी तुमच्यावर गेली आहे. मनात असेल तर एका किकमध्ये चालू, नाहीतर ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. घरून निघताना कधीच कुरकुर नसते. दोन-तीन रुग्णांची मलमपट्टी उरकते आणि मग एखाद्या दारात अशी रुसते की किक मारून मारून पोटरीत गोळे येतात. बरं, रोज असं नाही. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. परवा एका पाय भाजलेल्या आचाऱ्याने खिडकीतून मोजून सांगितलं, एकवीस किका झाल्या म्हणून.

हसू नका. दवाखान्याच्या मोठ्या बाईंकडे माझ्या दोन उशिरांची नोंद झाली आहे. तिसरा झाला की घरोघरची फेरी दुसरीला देऊन मला पुन्हा वॉर्डात बसवणार. आई म्हणते, तसं झालं तर गाडी त्याच दिवशी विकायची. ज्या गाडीवरून पडून तुमचा गुडघा गेला तीच तुम्ही मला दिलीत, हे तिला वर्षभरात पचलेलं नाही. अजूनही तुमचं नाव निघालं की ती शिलाई मशीन जोरात चालवते, म्हणजे ऐकू येत नाही असं दाखवता येतं.

काहीतरी उपाय लिहा. तुमचा लोभ माझ्यावर आहेच, थोडा गाडीवरही ठेवावा.

आपली भाची,
भिंगरी

दि. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी गाडीची नालस्ती बंद कर. प्लग काढून बघ. काळा पडला असेल तर घासून लाव. हवेची जाळी झटक. तेवढ्यावर भागलं तर उत्तम. नाही भागलं तर माझ्या पद्धतीने जायचं. गॅरेजात गिऱ्हाईक आलं की मी त्याला सांगायचो, बाबा रे, बिघडली कशी ते राहू दे, चालू कशी झाली ते सांग. लोक चिडायचे. पण दुखणं तिथेच सापडायचं. तू तापाचे तक्ते भरतेस ना? तसाच गाडीचा भर. हवा कशी होती, कितव्या घरी रुसली आणि चालू व्हायच्या आधी शेवटचं काय केलंस, सगळं लिही.

ताईवर रागावू नकोस. मी पडलो तेव्हा तीन महिने रोज तिनेच माझ्या गुडघ्याला पट्ट्या बांधल्या. तिचा राग खरा आहे. पण गं, तिच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही, हेही खरं. तिला मी तीन पत्रं टाकली, उत्तर एकाचंही नाही.

तक्ता लवकर पाठव. पायात बूट आणि मनात आमची आठवण असू दे.

तुझा,
मामा

दि. १९ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

प्लग लख्ख होता, जाळीही. तक्ता भरला. सहा दिवसांत दोनदा रुसली, दोन्ही वेळा तिसऱ्या घरी. दोन्ही वेळा मी वैतागून टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल आहे ना ते पाहिलं आणि पुढच्याच किकला चालू! पेट्रोल अर्धी टाकी होतं. झाकण उघडताना फुस्स असा आवाज मात्र आला. दोन्ही दिवस कडाक्याची थंडी होती. गाडीला थंडी बाधते का हो?

थंडीवरून आठवलं, तुम्हाला एक सांगायचंच राहिलं. अशा दिवशी आई टाकीवर खोळ चढवते. गार पत्र्याला लागून माझे गुडघे धरतील म्हणून तिने स्वतः शिवली आहे. वरून रेक्झिन, आत फोम, झाकणावर उचलता येणारी दुहेरी पट्टी आणि खालून नाडी आवळलेली. एरवी गाडीकडे बघत नाही म्हणते, पण टाकीचं माप सुताचाही फरक न पडता घेतलंय.

आता दिवस मोजते आहे. तिसरा उशीर कधी पदरी पडेल सांगता येत नाही.

आपली,
भिंगरी

दि. २३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सापडलं! टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. हवा अडली की पेट्रोल अडतं. तू झाकण उघडतेस, हवा फुस्स करून आत शिरते आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागते. ताईच्या शिवणीतून वारासुद्धा जात नाही, असं मी लहानपणापासून चारचौघांत मिरवत आलो. तीच शिवण नडली बघ.

पण तिला एक अक्षर बोलू नकोस. तिने त्या गाडीसाठी सुई हातात धरली, हे वाचून मी चष्मा पुसत बसलो होतो. गल्लीच्या वळणावर खोळ काढ, पिशवीच्या तळाशी ठेव, परत येताना चढव. एवढं पाप माझ्या नावावर.

तुझा,
मामा

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खोळ पिशवीच्या तळाशी मला सापडली. तुझ्या भाचीला खोटं बोलता येत नाही, तुझी पत्रं तिने पुढ्यात ठेवली. वाईट वाटलं, कशाला लपवू? माझ्या हातच्या कामात खोट निघाली. पोर माझ्या शिवणीपायी किका मारत होती आणि मी गाडीला अन् तुला बोल लावत होते.

तिसरा उशीर झाला नाही. मोठ्या बाईंनी फेरी तिच्याकडेच ठेवली आहे. झाकणावरच्या पट्टीला मी पितळी कडी बसवून भोक पाडलं, त्यातून फुंकर मारून बघितली. आठ दिवस खोळ चढवूनच जाते, गाडी एकदाही रुसली नाही. हळू चालव म्हणून रोज ओरडायचं काही मी सोडणार नाही.

सोबत उरलेल्या कापडाचा पट्टा पाठवते, तुझ्या गुडघ्यासाठी. माप मागवलं नाही. तीन महिने बांधलेला गुडघा, माप पाठ आहे. फार घट्ट झाला तर कळव. पण मला कळव, पोरीकरवी नको.

तुझी,
ताई