करंगळीवरची शाई

सोनल,

बाळाच्या करंगळीवर शाई दिसली. मसोलीच्या बूथवर पोलिओचे थेंब पाजलेस, बरोबरच केलंस. पण ती लस जिवंत असते, काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडते, आणि बोन मॅरो बदलल्यापासून माझ्या अंगात लहानपणची एकही लस उरलेली नाही. सगळ्या पहिल्यापासून घेतोय. नातू आजोबाच्या पुढे गेला. डॉक्टर फोनवर म्हणाले, काही आठवडे त्याच्यापासून लांब राहा. म्हणून झाईला आपल्या चिकूच्या वाडीवर चाललोय. पीयूष बापाच्या काळजीने तुझ्यावर चिडला तर त्याला म्हणावं, चिकूंना माझी सोबत हवी होती.

कालच बाळ मला ओळखून हसलं. रोज संध्याकाळी फोन लावून त्याच्या कानाशी धर, मी काहीबाही बोलेन. रडलं तर ठेवून दे. दुसऱ्या दिवशी मात्र परत लाव.

— बाबा