कोण येणार, मंगल?

मंगले,

तुला 'प्रिय' म्हणायचं होतं, पण माझा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही. तरी आज लिहायला बसले, कारण आज दुपारी तुझी थोरली, पूजा, आपल्या बचत गटात पहिल्यांदा आली आणि नेमकी तुझ्या जागेवर, खिडकीखाली जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं गं तिला!

गट अजून फुलपाड्यात माझ्याच खोलीत भरतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेवणाची भांडी घासून झाली की. आधी पैसे गोळा, मग चहा, आणि मग तू लावायचीस तशी दाराला आतून कडी. बाहेर नवरे म्हणतात, बायकांचा हिशेब चाललाय. म्हणू देत! आत आरोग्य केंद्राच्या आशाताई गोळ्यांची पाकिटं काढतात, तांबी कशी बसवतात ते सांगतात, आणि घरात नवऱ्यापुढे मान वर न करणाऱ्या बायका इथे पोट धरधरून हसतात. पैशांच्या गटात हे घुसवलंस तूच. "चार पैसे साठवायचे आणि वर्षाआड बाळंतपणात घालवायचे, मग साठणार काय, कपाळ?" म्हणाली होतीस.

आणि तुझा तो नियम! सरलाताई तांबी बसवायला एकटी गेली आणि घाबरून रांगेतूनच पळून आली, तेव्हा तू ठरवलंस, आपल्यातली कुणीही दवाखान्यात एकटी जाणार नाही. जिला जायचंय तिने फक्त विचारायचं, "कोण येणार?" आम्ही एकमेकींची तोंडं बघेपर्यंत तुझं "मी येते" म्हणून झालेलं असायचं. सातिवलीच्या युनिटमध्ये अर्ध्या दिवसाचा खाडा, वर शेठची बोलणी, पण तू निघालीस आपली पिशवीत भाजलेले शेंगदाणे घेऊन.

माझ्या वेळचं आठवतं? मी तुझा हात एवढा दाबला की तुझ्या दोन हिरव्या बांगड्या फुटल्या. अपशकुन झाला म्हणून मी रडायलाच लागले. तू म्हणालीस, "गप गं शालन! बांगड्या स्टेशनबाहेर ढिगाने मिळतात. तू कुठे मिळतेस?"

मग तू कुठे मिळतेस, मंगल? सांग ना!

तिसऱ्या मुलीनंतर डॉक्टरीणबाईंनी तुला बजावलं होतं, आता अजून एक बाळंतपण तुझ्या अंगाला झेपणार नाही. तांबी बसवून घे म्हणून मी सारखी मागे लागायचे. तुझं आपलं, "गणपती होऊ दे." "सासूबाई गावाला जाऊ देत." सासूबाईंना नातू हवा होता आणि तुला घरात भांडण नको होतं. आख्ख्या चाळीतल्या सासवांशी भांडलीस, आणि घरातल्या एकीपुढे तुझी जीभ टाळूला चिकटली! पदर पुढे ओढून आमच्यातच बसत राहिलीस. आम्हाला कळलं तेव्हा पाचवा महिना सरला होता.

बाळंतपणात रक्त थांबलंच नाही, म्हणाले. मी धावत पोचले तेव्हा तुझ्या तोंडावर चादर घातलेली होती. आमच्यातली एकही तुझ्याजवळ नव्हती. तू कधी विचारलंच नाहीस ना, कोण येणार म्हणून! एकदा तरी विचारायचं होतंस गं. आम्ही सगळ्या आलो असतो.

चौथीही मुलगीच. आता शाळेत जाते. तुझ्या सासूबाईच तिच्या वेण्या घालतात. घालता घालता मध्येच हात थांबतो त्यांचा, मग पदराने डोळे पुसतात. त्यांच्यावर जन्मभर राग धरायचं ठरवलं होतं मी, तेही धड जमलं नाही.

तर आज ही पूजा. लग्नाला वर्ष होत आलं तिच्या. सासरी म्हणतात, पाळणा हलू दे. कडी लागली, आशाताईंचं बोलून झालं, आणि तुझी पोर सरळ म्हणाली, "मला एवढ्यात मूल नकोय. मला काय चालेल ते डॉक्टरीणबाईंना विचारायचंय. पण मी एकटी नाही जाणार. कोण येणार?"

लहानपणी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्याचं सोंग करायची ना, तेव्हाच ऐकलं असणार तिने.

जुन्या सगळ्या का रडतायत ते नव्या बायकांना कळेना. पहिली बोलली ती सरलाताई, रांगेतून पळालेली! "मी येते." मग एकेक करून सगळ्याच. पूजा बावरून म्हणाली, "अगं मावशी, एवढ्या जणी कशाला?"

शेवटी मीच सगळ्यांना दटावलं. उद्या सकाळी मी जाणार तिच्याबरोबर. शेंगदाणे भाजून ठेवलेत. संध्याकाळी स्टेशनबाहेर जाऊन हातभर हिरव्या बांगड्याही भरून आले. तिला हात दाबायचा असेल तर खुशाल दाबू दे, फुटल्या तर फुटू देत. तुझ्या चौघींतली एकही कधी एकटी जाणार नाही, मंगल. हा माझा शब्द.

तुझ्यावर अजून रागावलेली,
शालन