सासूबाईंनी पुजलेला क्लॅम्प

उमरगा,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप अण्णा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, उठताना ओट्याला धरावं लागतं.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे? तुम्ही मला भूमहून एसटीनं सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सोडायला यायचात, तिथल्या सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी दुसऱ्याची विचारपूस करावी. ती झाली. आता आमचं.

यांचा खांदा तुम्हाला ठाऊकच आहे. गोठ्यातल्या त्या धातू कोरायच्या सीएनसी मशीनवर टूल (कोरायचं पातं) बदलायचं म्हणजे स्टुलावर चढायचं, डोक्यावर हात नेऊन पान्यानं बोल्ट सैल करायचा, वर हातोडीचा ठोका द्यायचा. डॉक्टरांनी हात वर करायलाच मनाई केली, आणि मशीन तुमच्या रणधीरला, माझ्या भाच्याला, द्यायचं ठरलं. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं, तरी यांनी ती तशीच संपवली. (तुम्ही यांना ओळखता.) मग एका सकाळी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. हवेनं टूल सोडणारा क्लॅम्प करतो."

आणि केला. वाटीसारख्या खोलगट वॉशरांची चळत टूल पकडीत घट्ट ओढून धरते. बटण दाबलं की हवेचा सिलिंडर ती चळत दाबतो आणि टूल अलगद हातात येतं. वॉशर पोळ्यांसारखे एकावर एक नाही, एक उताणा नि एक पालथा असे रचायचे. ते मी रचले. सिलिंडरला गोठ्याचा एक वासा आडवा आला, तो कापला. (तिथून आता कबुतर येतं.)

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. दसऱ्याला शेजारच्या महालिंगप्पांना बोलावून पहिलं काम लावलं, पितळेचं आपट्याचं पान. मशीन सुरू झालं, आणि टूल पकडीतून हळूहळू खाली सरकत, पानाला आरपार भोक पाडून, खालच्या पाटात घुसलं. पाट सासूबाईंचा.

महालिंगप्पा म्हणाले, "पान झकास आलंय. कीड लागलेलं."

हे स्टुलावर बसले. "रणधीरला फोन कर," म्हणाले.

मी टूल काढलं तर माझी बोटं पिवळी. सासूबाईंनी नवमीला पकडीच्या आत बोट घालून मनोभावे तेल-हळद लावली होती. "लोखंडाला त्याल न्हाय दिलं तर रुसतंय ते." त्यांना काय ठाऊक, ती पकड कोरडी ठणठणीत लागते. हे माझी बोटं बघून हसायला लागले ते थांबेचनात. "आई, इथं धरायचं असतंय. त्यालानं सुटलं की."

"मग हळद कुठं लावू?"

बटणाला, असं ठरलं. मी पेट्रोलच्या फडक्यानं पकड पुसली. दुसरं पान शिरांसकट स्वच्छ उतरलं. बटण मी दाबलं. फुस्स. टूल माझ्या हातात. पुन्हा बसवलं, पुन्हा दाबलं. यांचे दोन्ही हात कमरेवर, खांदा खाली, आणि चेहरा तुम्ही आमच्या लग्नात पाहिला होता तसा.

पान सोबत पाठवते. (भोकाचं आम्ही ठेवलं.)

तुमची,
चारू

ता. क. रणधीरनं मशीन न्यायला टेम्पो सांगितला असेल तर पाठवू नका.

ता. क. यांना दोष देऊ नका. हे दिलेल्या शब्दाला जागून आजही मशीन द्यायला तयार आहेत. मी नाही. बटण माझं आहे.

ता. क. टेम्पो निघालाच असेल तर त्यात बसून तुम्ही या. रिकामा परत जाणार नाही. रणधीरसाठी स्टूल देते. आता आम्हाला ते लागत नाही.