काजं मात्र उत्तम

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. पण तुझा भाऊ आता अगदीच अडाणी राहिलेला नाही, हे कळवायला आनंद होतो. निवृत्त लोकांसाठी संगणकाचा वर्ग निघालाय, तिथे जातो. शिकवणाऱ्या बाई सोशिक आहेत. माझा माउस टेबलावरून खाली पडतो तरी हसत नाहीत.

परवा विजेच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर तक्रार लिहिली, की आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे. लगेच माणूस शिडी घेऊन हजर! म्हणजे बघ, वेबसाइट म्हणजे काय, तर पेटी. आपण लिहून टाकायचं, ज्याची पेटी त्याने वाचायचं. मला चटकन पटलं, कारण गिरणीत आमचं तेच होतं. कापड टेबलावरून ओढत न्यायचं, दोष दिसला की खडूने खूण करायची आणि शेरा चिठ्ठीवर लिहून फोरमनच्या पेटीत सरकवायचा. खाली नाव नाही, नुसतं ‘तपासनीस’. विणणाऱ्याने डूख धरू नये म्हणून.

त्यावरून एक राहिलेलं काम उरकलं. तुझ्या भाचीने मला कोट शिवून दिला. मी छान म्हटलं. ती जे शिवेल त्याला मी तिच्या लहानपणापासून छानच म्हणत आलोय. आई नसलेल्या पोरीला दुसरं काय म्हणायचं? पण डोळा मेला तपासनिसाचा, तो गप्प बसतोय होय. घरी येऊन अस्तर थोडं उसवून पाहिलं. मग संगणकावर तिच्या दुकानाचं नाव घातलं, तर शेरा लिहायची जागाच समोर आली. लिहून टाकलं: मुंढ्याला चुण्या आहेत, अस्तर आखूड पडलंय, आत कच्चा टाका तसाच सोडलाय, काजं मात्र उत्तम. खाली ‘तपासनीस’. प्रत दाखवायला चांदण्या होत्या, त्यातल्या दोन दिल्या. आमच्याकडे पहिली प्रत निर्दोष, दुसरी किरकोळ दुरुस्तीची आणि पाचवी म्हणजे चिंध्या. दुसरी काही वाईट नाही. तिला चूक कळेल आणि सांगणारा बाप होता हे कळणार नाही. साप मरेल, काठी मोडणार नाही.

गुडघा ठीक. तू बारीक अक्षर वाचणं कमी कर.

माया आहे तेवढी असू दे, फार मागत नाही.
तुझा,
खडू

दि. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण मनच थाऱ्यावर नाही. आधी शपथ घाल स्वतःला, की यातलं अक्षर बाबांना कळवणार नाहीस. त्यांचा रक्तदाब वाढायचं निमित्त मला व्हायचं नाही.

गिऱ्हाइकं दुकानांबद्दल बरंवाईट लिहितात ती वेबसाइट तुला माहीत असेल. तिथे कोणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय. नाव नाही, नुसतं ‘तपासनीस’. हुद्दा बाबांचाच, पण त्यांना संगणक लावताही येत नाही आणि माझं सगळंच छान वाटतं. पाचातल्या दोनच चांदण्या. शिव्या दिल्या असत्या तर हसून सोडून दिलं असतं. पण आत्या, लिहिलंय ते खरं आहे. घाईच्या दिवसांत मी आतला कच्चा टाका तसाच सोडून देते. बाहेरून दिसत नाही, कोण बघतंय, असं वाटायचं. वाचलं तेव्हा भर दुकानात कानशिलं तापली. वाद्यवृंदाचे कोट माझ्याकडे यायचे ठरले होते. त्यांच्या व्यवस्थापकांनी सभ्यपणे कळवलं, की सध्या थांबू या.

मग मी विचार करत बसले, की अस्तराच्या आतलं बाहेरच्याला कसं कळलं? आणि सगळ्यात नावं ठेवून शेवटी काजं तेवढी उत्तम कशी? माझ्याकडे काजं एकच बाई करतात. काजबटणवाल्या मावशी, तुला त्यांनी पडद्याला आकडे लावून दिले होते त्या. गेल्या महिन्यात त्यांनी सुट्टी मागितली, मी नाही म्हटलं होतं. दोनात दोन मिळवले आणि विचारलं त्यांना. इतर दोघी मशीनवर होत्या, त्यांच्यासमोरच विचारलं. मावशींनी हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला, चष्मा पिशवीत टाकला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. गप्प बसल्या म्हणजे मनात खोट असणारच, असं मी स्वतःला सांगते. तरी घास गोड लागत नाही.

पाय चेपायला जवळ असते तर बरं झालं असतं. तुझी माया माझ्यावर जरा जास्तच आहे, तशीच ठेव.
तुझी,
भाची

दि. २४ फेब्रुवारी

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. खरं तर तुझा कान धरायला हात शिवशिवतोय. सोबत भाचीचं पत्र पाठवते आहे. तिने तुला कळवू नको म्हटलंय, मी शब्द मोडते आहे, ते पाप माझ्या माथी. आधी ते वाच, पाणी पी आणि मग हे पुढचं वाच.

वाचलंस? आता ऐक. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावली मी. कोशाच्या कपाटात कादंबरी शिरली तर वाचकाचं डोकं फिरतं. तुला एक पेटी सापडली आणि तू म्हणालास, सगळ्या पेट्याच. अरे, विजेच्या कार्यालयाची वेबसाइट ही कचेरीची खिडकी आहे. तिथे लिहिलेलं आतला माणूस वाचतो आणि काम करतो. बातम्यांची असते ती वर्तमानपत्रासारखी, आपण वाचायचं आणि फार तर चडफडायचं. दुकानदाराची स्वतःची असते ती त्याची पाटी, त्यावर तो स्वतःला नावं ठेवणार नाही, तेव्हा वाचून थोडं वजा करायचं. घरबसल्या खरेदीच्या निराळ्या. लोक आपलं मन मोकळं करतात त्या निराळ्या. एक ज्ञानकोश तर असा आहे, की त्यात कोणीही दुरुस्ती करू शकतो. मी रोज वापरते, पण खाली दिलेले आधार पाहिल्याशिवाय शब्द उचलत नाही. आणि तू लिहिलंस ती जागा म्हणजे भर चौकातला फळा. गिऱ्हाइकानेच गिऱ्हाइकाला सांगायची जागा ती. येणारा जाणारा वाचतो. तुझ्या दोन चांदण्या म्हणजे तिथे जवळजवळ चिंध्याच. लिहिण्याआधी एवढंच विचारायचं, की हे वाचणार कोण. तेवढं तू विचारलं नाहीस.

नवशिक्याची चूक मी पोटात घालते. पण एक बाई कामावरून उठून गेली आहे, आणि तिने काही केलेलं नाही हे या घडीला तुला नि मलाच ठाऊक आहे. मी तुझ्या वतीने सांगणार नाही. तूच जा आणि पोरीला तोंडाने सांग.

जेवणाची हेळसांड करू नकोस. राग ओसरला की पुन्हा लिहीन.
तुझी,
ताई

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, सोबतचंही वाचलं. लाज वाटते हे लिहायलाही लाज वाटते. उभ्या आयुष्यात चुकीच्या ताग्यावर कधी खडू लावला नाही, आणि लावला तो पोटच्या पोरीवर.

तू म्हणालीस तसा गेलो तिच्याकडे. गाडीत बसून काय बोलायचं ते घोकलं होतं. दुकानात पाऊल टाकलं तर ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवून पुन्हा घालत होती. काजांची खुर्ची रिकामी, त्यावर कापडाचा गठ्ठा ठेवलेला. तिने चहा केला. मला म्हणाली, की बाबा, तुम्ही तरी माझं काम खरंच चांगलं म्हणता ना. ताई, माझ्या तोंडून काय निघालं असेल? छान, असं म्हणालो मी. पुन्हा. चहा पिऊन परत आलो. रस्ताभर स्वतःची शिसारी येत होती.

वर्गातल्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, की पुसता येतं, आणि कसं पुसायचं तेही दाखवलं. बोट त्या बटणावर नेलंही. मग मनात आलं, पुसलं तर दुकान सुटेल, मी सुटेन, पण त्या काजवाल्या बाईंवरचा आळ तसाच राहील. लोक म्हणतील, पकडली गेली म्हणून पुसलं. तेव्हा पुसलं नाही. त्याखालीच लिहिलं, की हा शेरा मारणारा मी, या दुकानाच्या मालकिणीचा बाप. कोट माझाच आहे. शेरा खरा आहे, पण तो चारचौघांत मारायचा नव्हता, आणि दोन चांदण्या मी चुकून दिल्या. दुकानातल्या कोणाचाही यात हात नाही. खाली माझं पूर्ण नाव घातलं.

तिला अजून तोंडाने सांगितलेलं नाही. फोन हातात घेतो नि ठेवतो. भित्रा म्हणशील तर म्हण, मी हरकत घेणार नाही.

जमलं तर लोभ ठेव. नाही जमलं तर हक्कही नाही माझा.
तुझा,
खडू

दि. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

फोनवर बोलले असते तर रडले असते किंवा नको ते बोलले असते, म्हणून आत्याची आणि तुमची रीत उचलली आहे.

तुम्ही लिहिलेलं मला एका गिऱ्हाइकाने दाखवलं. पँटचं माप देता देता तो म्हणाला, की तुमचे वडील भलतेच प्रामाणिक दिसतात. माप अर्धवट टाकून मी ते वाचलं. म्हणजे माझ्या कामात काय चुकतं ते तुम्ही आधी चौकाला सांगितलंत, आणि ते सांगणारे तुम्हीच, हेही आधी चौकालाच. मध्ये येऊन माझ्या हातचा चहा पिऊन गेलात आणि छान म्हणालात. बाबा, शेऱ्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगते, त्या तपासनिसाबद्दल मला आदरच वाटायला लागला होता. कोणीतरी माझं काम इतकं बारकाईने पाहिलं, असं वाटायचं. पण आता तुमचं जुनं एकेक छान आठवतं, आणि त्यातलं कुठलं खरं होतं ते मला कळत नाही. पहिला फ्रॉक शिवला तेव्हाचंही. ते मला तुमच्याकडून कधीतरी ऐकायचंय, समोर बसून. आज नको.

वाद्यवृंदवाल्यांनी तुमचं लिहिणं वाचून पुन्हा फोन केला. एक कोट नमुन्याला मागितला आहे. तो मी आतून बाहेरून नीट करणार आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही.

तुमचं वाचल्यावर मी तशीच मावशींच्या घरी गेले. त्यांचा जिना अरुंद आहे, वर एकच खोली आणि खिडकीपाशी त्यांची खुर्ची. त्यांनी मला बसायला ती दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, की माफ केलं. मी परत या म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, की नाही जमायचं, दुसरीकडे काम धरलंय. मी सुट्टीचं काढलं, पगाराचं काढलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग मी तुमची बाजू घ्यायला गेले, की वडिलांना त्या वेबसाइटचं काही कळत नव्हतं, त्यांच्यावर राग धरू नका.

त्या म्हणाल्या, की तुमच्या वडिलांवर कसला राग. इतकी वर्षं तुमच्या दुकानात काजं केली, पण कोणी एकदा चांगली झाली असं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा एका माणसाने उत्तम म्हटलं, तर तुम्हाला वाटलं ते मीच लिहिलं असणार.

मी उठले, जिना उतरून खाली आले.

तुम्ही मला नीट न केलेल्या कामाबद्दलही छान म्हणत राहिलात, आणि मी त्यांना केलेल्या कामाबद्दलही कधी म्हटलं नाही. कोणाची चूक मोठी ते आत्याला विचारू नका, ती दोघांनाही झोडपेल.

राग आहे, पण मायेपेक्षा कमी आहे. ती तुमच्याकडूनही असू द्यावी.
तुमची,
मुलगी