बफरमध्ये अडकलेला मेसेज

बाबा, मच्छीमार सोसायटीत तुमच्या वायरलेसच्या टेबलावर आता कॉम्प्युटर आहे, आणि त्यावर चालणारी स्क्रिप्ट मी लिहिली आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणून मुळापासून सांगते. बोटींवरच्या यंत्रांतून छोटे मेसेज येतात. एखादी फाइल वाचावी तशी स्क्रिप्ट ते वाचते आणि पडद्यावर दाखवते. वाचायच्या दोन रीती. एकीत अक्षरं आली की लगेच हातात मिळतात. दुसरीत ती आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका कोपऱ्यात साठतात आणि आठेक हजार झाली की एकदम मिळतात. मोठी फाइल त्याने झटकन वाचून होते. मी दुसरी रीत ठेवली. तपासली तीही जुन्या, भरलेल्या फाइलवर.

मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला सेटपाशी बसवून चहाला गेला होतात. एका बोटीचं जाळं तिच्याच इंजिनाच्या पंख्यात अडकल्याचं मी ऐकलं, वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पान भरायची वाट बघत बसले. तुम्ही येता, वही बघता, तुमचा चेहरा उतरतो. "ऐकलंस तसा सांगूक व्हया गो! कित्याक थांबलंस?" एवढं बोलून तुम्ही तसेच अनवाणी धक्क्याकडे धावलात. संध्याकाळी माझ्यासाठी गुळाचं खाजं आणलंत. मी रुसून तोंड फिरवलं.

गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी वारा सुटला आणि बहुतेक बोटी बंदरात परतल्या. तारकर्लीची एक, तिघांची, देवगडसमोर राहिली. तिचं इंजिन बंद पडलं, पाणी शिरू लागलं. अकरा दहाला तिचा मेसेज पोचला. पण दर्यात बोटी थोड्या, म्हणून मेसेज थोडे, आणि बफर काही भरेना. मी समोरच बसले होते. पडद्यावर नवं काही नाही, म्हणजे सगळं ठीक, असं मानून चहासुद्धा प्यायले. पावणेदोनला एकदाचा बफर भरला आणि साठलेले सगळे मेसेज एकदम आले. आम्ही लाँच पाठवली. दोघे फळीला धरून तरंगत होते. तिसरा, बोट चालवणारा तांडेल, सापडला नाही.

चौथ्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली.

"मेसेज किती वाजता इलो गो?"

"पावणेदोनाक."

"आणि तुमी लगेच लाँच धाडलास?"

"होय. लगेच."

तिने माझा हात हातात घेतला. "तुझो बापूस पण असोच होतो."

दुरुस्तीला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. बफरच्या आकाराच्या जागी शून्य लिहायचं होतं, तेवढंच. अकरा दहाची नोंद कॉम्प्युटरमध्ये अजून आहे. ती बघायचं माझ्याशिवाय कोणाला सुचत नाही. ती बाई बाजारात भेटते, माझी विचारपूस करते. दर वेळी मी सांगायचं ठरवते, आणि मुलं कशी आहेत एवढंच विचारून निघते.

हे तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही. तुम्ही असतात आणि विचारलं असतंत, तर तुम्हालाही मी पावणेदोनच सांगितलं असतं.